अडलेलं अंडं

गाय अडली म्हटलं की आमच्या माणदेशात वस्तीवरची चार माणसं दावं, तेल आणि बॅटरी घेऊन धावत येतात. मदत करायची की नाही, असं तिथं कुणी विचारत नाही. गेल्या फाल्गुनात माझ्यासमोर अंडं अडलं, तेव्हा मात्र मी मागच्या खोलीत दोन दिवस आणि दोन रात्री तेवढंच विचारत बसले होते. हात लावू की नको? या प्रश्नाचं उत्तर मी एकदा घाईनं दिलं, एकदा भीतीनं दिलं आणि तिसऱ्यांदा कुठं नीट बघून दिलं. पहिल्या दोन उत्तरांची किंमत दोन पिल्लांनी मोजली. म्हणून हे लिहिते आहे.

मी साताऱ्यात वाढले. लग्न होऊन दहिवडीजवळच्या या वस्तीवर आले तेव्हा कोंबड्यांचं सगळं आत्यांकडे, म्हणजे माझ्या सासूबाईंकडे होतं. कुठली कोंबडी खुडूक झालीय, कुठलीच्या पोटाखाली किती अंडी मावतील, कुठली मध्येच अंडी टाकून उठेल, हे त्यांना नुसत्या आवाजावरून कळायचं. गेल्या वर्षी माघात नेमकी एकही कोंबडी खुडूक बसेना आणि गावरान पिल्लांना तर मागणी होती. मी बचत गटातून कर्ज काढलं आणि अठ्ठेचाळीस अंड्यांचं छोटं उबवणी यंत्र आणलं. पांढरी थर्माकोलची पेटी, झाकणाला काच, आत पंखा आणि बाहेर दोन आकडे, एक तापमानाचा आणि एक हवेतल्या ओलाव्याचा. आत्यांनी पेटीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "ह्यात आई कुठाय?"

मी म्हटलं, "आत्या, ही पेटीच आई."

रविवारी संध्याकाळी मी २४ अंडी आत मांडली. प्रत्येकावर पेन्सिलीनं नंबर घातला. तापमान ३७.५ अंश, ओलावा ४५ ते ५० टक्के. अंड्यातला जीव एका बाजूला चिकटून बसू नये म्हणून दिवसातून तीन वेळा अंडी फिरवायची. सातव्या रात्री दिवे मालवून मोबाईलच्या उजेडावर एकेक अंडं धरलं. आत लाल दोऱ्यांचं कोळ्यासारखं जाळं आणि मधोमध हलणारा काळा ठिपका! माझ्या तळहातावर कुणाचं तरी काळीज उडत होतं. पाच अंडी मात्र नुसती पिवळी, मोकळी निघाली. ती बाजूला काढली. पुढच्या आठवड्यात दोन आतल्या आत थांबली. अठराव्या दिवशी १७ उरली.

अठराव्या दिवशी अंडी फिरवणं बंद करायचं, ओलावा ६५ ते ७० टक्क्यांवर न्यायचा आणि त्यानंतर पिल्लं निघून संपेपर्यंत झाकण उघडायचं नाही. हे मी वहीत लिहून ठेवलं होतं, खाली दोन रेघाही मारल्या होत्या. पण का, ते मला माहीत नव्हतं. कारण समजून न घेता पाठ केलेला नियम संकटाच्या वेळी हातून सुटतो. माझ्या हातून तो सुटला.

शनिवारी, विसाव्या दिवशी, सकाळी तीन नंबरच्या अंड्यावर चांदणीसारखा तडा दिसला. दिवसभरात एकेक करत रात्री आठपर्यंत सात अंडी टिचली. त्यातलं सर्वांत शेवटचं नऊ नंबरचं. काचेला कान लावला तर आतून चिवचिव ऐकू येत होती. पिल्लू अजून बाहेर आलेलं नाही आणि त्याचा आवाज मात्र आपल्यापर्यंत आलाय, हे ऐकून अंगावर काटा आला. आत्या त्या दोन दिवसांसाठी लेकीकडे गेल्या होत्या. मोटारीची लाईट रात्रीची, म्हणून हे रानात पाणी धरायला गेलेले. घरात मी आणि ती पेटी.

पहाटेपर्यंत चार पिल्लं बाहेर आली. ओली, दमलेली, मान टाकून पडलेली. मला वाटलं, यांना भूक लागली असेल. झाकण उघडून एकाला काढलं, पुसलं, कणी आणि पाणी ठेवलेल्या खोक्यात बल्बखाली सोडलं. मग दुसऱ्याला. मग तिसऱ्याला. दर वेळी पेटीतून उबेची वाफ तोंडावर यायची आणि बाहेरचा ओलाव्याचा आकडा ६८ वरून खाली यायचा. एकदा तो ३९ वर गेलेला मी पाहिला. झाकण लावलं की हळूहळू चढत होता, म्हणून मी निर्धास्त होते. फाल्गुनातली माणदेशातली हवा कशी असते, हे ओठ फुटल्यावर कळतंच. त्या हवेनं पेटीतल्या उरलेल्या अंड्यांचं काय केलं असेल, हे मात्र मनात आलं नाही.

नऊ नंबरचं अंडं होतं तसंच होतं. एक बारीक भोक, त्यातून चोचीचं टोक, अधूनमधून एक क्षीण चिवचिव. बाकीची भराभर निघत होती आणि हे मागं राहिलं. रविवारी सकाळी सहा वाजता मला राहवेना. भोक पडून दहा तास झाले होते. मी अंडं हातात घेतलं आणि उकडलेलं अंडं सोलावं तसं नखानं टरफल काढायला लागले.

दुसऱ्याच तुकड्याखाली रक्त आलं. थेंबभरच, पण लालभडक. मी घाबरले, आणि घाबरल्यामुळे थांबायचं सोडून आणखी घाई केली. वाटलं, अडकलंय म्हणून रक्त येतंय, लवकर मोकळं करायला हवं. पिल्लू बाहेर आलं तेव्हा त्याच्या बेंबीपाशी पिवळ्या बलकाची ओली पिशवी लोंबत होती. ते उभं राहिलं नाही. दुपारी बाराच्या सुमारास माझ्या ओंजळीतच गेलं.

तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरांना मी रडत फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "भोक पडल्यावर पिल्लू थांबतं, तेव्हा ते काय करत असतं, माहीत आहे का?"

मला वाटायचं, ते दमून विश्रांती घेत असतं किंवा अडकलेलं असतं. डॉक्टरांनी सांगितलं ते असं. अंड्यात पिल्लू बहुतेक काळ फुप्फुसानं श्वास घेतच नाही. टरफलाच्या आतल्या अस्तराला रक्तवाहिन्यांचं जाळं लागलेलं असतं आणि टरफलाच्या सूक्ष्म छिद्रांतून येणारी हवा ते जाळं शोषून घेतं. तेच मी सातव्या रात्री उजेडावर पाहिलं होतं. शेवटी शेवटी ती हवा पुरत नाही. तेव्हा पिल्लू अंड्याच्या रुंद टोकाकडच्या हवेच्या पोकळीत चोच घालतं आणि पहिला श्वास घेतं. तीही हवा विटायला लागते. मानेमागचा एक खास स्नायू आचके देतो, वरच्या चोचीवरचा टणक दाणा टरफलावर आपटतो आणि बाहेरून आपल्याला चांदणी दिसते.

यानंतर पिल्लू थांबतं. बारा तास, अठरा तास, कधी पूर्ण दिवस. बाहेरून काहीच घडताना दिसत नाही, पण आत सगळं घडत असतं. अस्तरातलं रक्त हळूहळू पिल्लाच्या अंगात ओढलं जातं. उरलेला बलक बेंबीवाटे पोटात जातो आणि बेंबी मिटते. फुप्फुसं पूर्ण कामाला लागतात. हे सगळं उरकल्यावर पिल्लू आत फिरत फिरत टरफलाचं टोपण कापतं आणि पायानं ढकलून बाहेर येतं. मी नऊ नंबरचं टरफल सोललं तेव्हा त्याचं रक्त अजून अस्तरात होतं. मी जे फाडलं ते पिल्लाचंच अंग होतं.

भाषणांतून एक गोष्ट नेहमी सांगतात. कोषातून धडपडणाऱ्या फुलपाखराला कुणी दयेनं मदत करतं आणि ते कायमचं पंगू होतं. तात्पर्य, धडपडीनं बळ येतं. मीही शाळेत ही गोष्ट ऐकली होती. अंड्याच्या बाबतीत ती मला फार अपुरी वाटते. कष्ट कमी पडले म्हणून नऊ नंबरचं पिल्लू गेलं नाही. त्याचं अर्धं काम व्हायचं होतं, तेवढ्यात मी हात घातला म्हणून ते गेलं. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, कारण धडपडीचा महिमा मनात धरून बसलं की माणूस दुसऱ्या टोकाला जातो. मी गेलेच.

दुपारनंतर मी ठरवलं, आता काहीही झालं तरी अंड्याला हात लावायचा नाही. चार नंबरचं अंडं रविवारी पहाटे पाच वाजता टिचलं होतं. संध्याकाळपर्यंत त्याचा आवाज चांगला खणखणीत होता. रात्री तो बारीक झाला. भोकाभोवतीचं अस्तर पांढरं, कोरडं दिसत होतं आणि त्याला पिसांची लव चिकटलेली होती. हे सगळं मी काचेतून पाहत होते. डोळ्यांना दिसत होतं, पण मन दुपारच्या रक्ताशीच अडकून पडलं होतं. सोमवारी सकाळी सहाला आवाज बंद झाला. पंचवीस तास झाले होते.

ते अंडं मी नंतर उघडलं. अस्तर वाळलेल्या कागदासारखं पिल्लाच्या अंगाला आवळून बसलं होतं. त्यात रक्ताचा एक दोराही नव्हता. बलक पूर्ण पोटात गेलेला, बेंबी मिटलेली. पिल्लू सर्व बाजूंनी तयार होतं. फक्त त्याला आत फिरता येत नव्हतं.

मी पुन्हा फोन लावला. डॉक्टर म्हणाले, "पहिल्या पिल्लांना काढायला झाकण किती वेळा उघडलं?" मी मोजून सांगू शकले नाही. नुकतंच निघालेलं पिल्लू पोटातल्या बलकावर दोन दिवस सहज काढतं. एका दिवसाची पिल्लं खोक्यातून लांबच्या गावी पाठवता येतात, ती याच बळावर. त्याला कणीची घाई नसते. मी भरल्या पोटाच्या पिल्लांची भूक भागवायला झाकण उघडत राहिले आणि त्या प्रत्येक वेळी टिचलेल्या अंड्यांची अस्तरं वाळत गेली. हवेतल्या ओलाव्याचा आकडा पुन्हा चढतो, पण एकदा आवळलेलं अस्तर आपोआप सैल होत नाही.

तेव्हा मला कळलं की मी प्रश्नच अर्धा विचारत होते. मदत करू का, याच्या आधी दुसरा प्रश्न आहे. हे अंडं अडलंय की अडवलंय? आपल्या वेळेनं चाललेलं अंडं अडलेलं नसतंच, त्याला हात लावणं म्हणजे घात. काही पिल्लं मुळातच अशक्त असतात, काही अंड्यात उलटी बसलेली असतात. तिथं हात लावूनही यश येईलच असं नाही. पण जे अंडं माझ्या चुकीनं अडवलं गेलंय, त्याच्यासमोर निसर्गाचं नाव घेऊन हात बांधून बसायचा मला अधिकार नव्हता.

पेटीत चौदा नंबरचं अंडं होतं. रविवारी सकाळी सातला टिचलेलं. सोमवारचे नऊ वाजले होते. डॉक्टरांनी तीन गोष्टी विचारल्या. किती तास झाले? सव्वीस. भोक मोठं होतंय का, तडा पुढे सरकतोय का? नाही, कालच्याएवढंच. अस्तर कसं दिसतंय? पांढरं, कोरडं, लव चिकटलेली. "मग बघा," ते म्हणाले. "सोलायचं नाही. ओलं करून बघायचं."

मी खोलीचं दार लावलं. चुलीवर पाण्याचं पातेलं ठेवलं होतं ते आणून वाफ सोडली. हात साबणानं धुतले. कोमट पाण्यात कापसाची काडी बुडवून, निथळवून, भोकाभोवतीच्या अस्तरावर फिरवली. चोचीवरच्या नाकपुड्यांत पाणी जाऊ द्यायचं नाही, हे डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. अस्तर ओलं होताच ते कागदासारखं न राहता झिरझिरीत होतं आणि आतलं दिसायला लागतं. वरच्या बाजूला काही नव्हतं. डाव्या अंगाला मात्र दोन बारीक लाल दोरे दिसले.

ते दोरे दिसले आणि मी थांबले. त्या दोन दिवसांत मी केलेलं हे पहिलं शहाणपणाचं काम. चोचीसमोरचं भोक तेवढं तांदळाच्या दाण्याइतकं मोकळं केलं, अंडं पेटीत ठेवलं, शेजारी ओल्या फडक्याची घडी ठेवली आणि झाकण लावलं.

दुपारी आत्या आल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, नऊचंही आणि चारचंही. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "शेवटचं दोन दीस कोंबडी अंड्यावरनं उठत न्हाय बघ. कणी टाकली तरी बघत न्हाय. तिला ठावं असतंय." मला माझी वही आठवली. झाकण उघडायचं नाही, हा नियम यंत्रवाल्यांच्या कितीतरी आधी कोंबडीनं पाळलेला होता. तिच्या पोटाखालची ऊब आणि ओल ती शेवटपर्यंत सोडत नाही.

मी विचारलं, "मग तुम्ही कधीच हात लावला नाही?"

"लावला की," आत्या म्हणाल्या. "पिल्लं घिऊन कोंबडी उठली, आन मागं एखादं टिचलेलं अंडं ऱ्हायलं, तर त्याला. ती हाय तवर आपलं काम न्हाय. ती उठली की मग आपलं." असं मागं राहिलेलं अंडं त्या चुलीपाशी उबेला धरायच्या, बोटाला कोमट पाणी लावून अस्तर भिजवायच्या. माझ्याकडे तासांचा हिशोब होता, त्यांच्याकडे कोंबडीचं उठणं. दोन्हींत आधी वाट पाहणं आहे आणि वाट पाहण्याला शेवटही आहे.

अडीच वाजता अंडं पुन्हा काढलं. आत्या शेजारी बॅटरी धरून बसल्या. अस्तर भिजवलं. डावीकडचे लाल दोरे फिके होऊन गेले होते. तरी एकदम काही केलं नाही. रुंद टोकाकडून, हवेची पोकळी असते तेवढ्याच भागातलं टरफल, तिळातिळानं काढलं. डोक्यावर आवळलेलं अस्तर भिजवून मागे सारलं. पंखात मुडपलेली मान सुटली, पिल्लानं डोकं वर केलं आणि केवढ्यानं ओरडलं! रक्त नाही. मला पुढचं सगळं काढून टाकावंसं वाटत होतं. आत्यांनी माझं मनगट धरलं. "आता ऱ्हाऊ दे. खालचं त्याचं त्याला काढू दे." बलक राहिला असेल तर तो पोटात जायला वेळ मिळावा आणि बेंबी आपल्या हातानं ताणली जाऊ नये, म्हणून खालची वाटी तशीच ठेवायची. डॉक्टरांनीही हेच सांगितलं होतं.

रात्री दहाच्या सुमारास चौदा नंबरनं दोन्ही पाय ताणले आणि वाटी मागे टाकली. बेंबी कोरडी होती. एका पायाची बोटं दुमडलेली होती, ती दोन दिवसांत सरळ झाली. १७ पैकी ११ पिल्लं आपली आपण निघाली होती, हे बारावं. तीन अंडी टिचलीच नाहीत. आणि दोन अंड्यांचा हिशोब माझ्याकडे राहिला.

त्यानंतर मी यंत्रावर चार वेळा अंडी बसवली. आता झाकणाला बाहेरून नळी आहे, पाणी तिच्यातूनच घालते. अठराव्या दिवशी झाकणावर चिकटपट्टी लावते आणि निघालेली पिल्लं चांगली सुकेपर्यंत आतच ठेवते. टिचलेल्या प्रत्येक अंड्याची वेळ वहीत टिपते, कारण काळजीत माणसाला दहा तास हे वीस तासांसारखे वाटतात. चोवीस तासांच्या आत अंड्याला हात लावत नाही. चोवीस तास झाले म्हणूनही लावत नाही. तडा सरकतोय का, अस्तराचा रंग काय, हे आधी बघते. हात लावावा लागलाच तर आधी भिजवते आणि लाल दिसलं की थांबते. या चार खेपांत अशी वेळ एकदाच आली. झाकण बंद राहिलं की अंडी फारशी अडत नाहीत, हे मी त्यातून शिकले.

चौदा नंबरची तलंग झाली, मग अंडी घालायला लागली. या माघात ती खुडूक बसली. आत्यांनी तिच्याखाली अकरा अंडी ठेवली आणि वरून डालगं झाकलं. आज तिचा एकोणिसावा दिवस आहे. सकाळी मी डालगं जरा वर उचलून मूठभर कणी टाकली. तिनं पिसं फुलवली, माझ्याकडे पाहिलं, पण जागची हलली नाही. मी डालगं हळूच खाली ठेवलं. आता ती उठेल तेव्हा.